जमीन विकण्यापूर्वी : भांडवली नफ्याचा कर समजून घ्या



ह्या पत्रिकेत मी दरवेळी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा व्यवस्थापन नाहीतर ठिबकावर लिहितो. ह्या वेळचा विषय माझ्या खात्याचा नाही. तरी लिहितो आहे, कारण ह्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि तिचा भुर्दंड आपल्यातल्याच एका सभासदाला बसला आहे.

आमच्या गटातले एक जुने सभासद, त्यांना आपण नुसते तात्या म्हणू. त्यांनी २०२२-२३ साली कालव्याखालची एक एकर जमीन विकली. गाव ग्रामपंचायतीचे, सातबाऱ्यावर ऊस, पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन. सौद्याच्या आधी एकदा लागणीची नोंद घ्यायला गेलो असताना त्यांनी मला बांधावरच विचारले, "साहेब, ह्या पैशावर इन्कमटॅक्स लागतो का हो?" मी चहाचा कप खाली ठेवत सांगून टाकले, "छे हो तात्या, शेतजमिनीला कसला आलाय टॅक्स!" ऐकीव माहिती होती, ती मी अधिकारवाणीने सांगितली. दोनेक वर्षांनी तात्या आयकर खात्याचे पत्र घेऊन गट कार्यालयात आले. मागितलेल्या रकमेत ट्रॉलीसकट नवा ट्रॅक्टर आला असता. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी कर सल्लागारांकडे तात्यांबरोबर पाच-सहा खेपा केल्या, कायदा वाचला, न समजलेले विचारून घेतले. मी कृषी पदविकाधारक, वकील नव्हे. तेव्हा पुढचे वाचून प्रत्येकाने आपापल्या कागदांसह जाणकाराला विचारावेच. पण काय विचारायचे, एवढे तरी ह्या लेखातून कळावे.

मुळात भांडवली नफा म्हणजे काय? शेतातला ऊस विकून येतात ते शेतीचे उत्पन्न. त्यावर केंद्र सरकारचा आयकर नाही. पण ज्या जमिनीत तो ऊस उगवतो ती जमीनच विकली, तर विक्रीची किंमत आणि मूळ किंमत यांच्यातला फरक हा भांडवली नफा. दुधाचा पैसा वेगळा आणि म्हैस विकल्याचा पैसा वेगळा, तसेच हे. आपली गल्लत इथेच होते. "शेतीचे उत्पन्न करमुक्त" हे वाक्य आपण ऐकलेले असते, आणि जमिनीच्या विक्रीलाही तेच लावून मोकळे होतो.

ही गल्लत नुसती आपलीच नाही. १९७० पर्यंत शेतजमीन, मग ती कुठेही असो, भांडवली मालमत्तेत धरतच नव्हते. १९७० च्या वित्त कायद्याने शहराच्या हद्दीतली व हद्दीलगतची शेतजमीन करात आणली. पुढे १९८०-८१ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की शेतजमिनीच्या विक्रीतून आलेला नफा हा जमिनीपासूनच मिळालेला, म्हणून शेतीचेच उत्पन्न. शेतकऱ्यांना हायसे वाटले. पण १९८९ साली संसदेने कायद्यात खुलासा घातला आणि तोही मागच्या तारखेपासून, म्हणजे १ एप्रिल १९७० पासून. शहरी शेतजमिनीचा नफा शेतीचे उत्पन्न नव्हे, हे तेव्हापासून पक्के झाले. मी बांधावर जे बोललो, ते असे किती जुने होते पाहा!

आता महत्त्वाची गोष्ट. खेड्यातली शेतजमीन आजही भांडवली मालमत्तेत येत नाही. ती विकली तर हा कर नाही. पण 'खेड्यातली' म्हणजे कोणती, हे ग्रामपंचायतीवरून ठरत नाही आणि नुसत्या सातबाऱ्यावरूनही ठरत नाही. ते ठरते जवळच्या नगरपालिका, महापालिका किंवा कटक मंडळाच्या हद्दीपासूनच्या अंतरावर.

त्या शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर. १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. आणि प्रत्यक्ष हद्दीच्या आतली, १० हजार लोकवस्तीच्या वरच्या गावातली, ती तर शहरीच. लोकसंख्या मागच्या प्रसिद्ध जनगणनेची धरायची. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती, पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर. म्हणजे दोन्हीकडून ८ किलोमीटर. सासवड, दौंड ही गावे १० हजार ते १ लाख ह्या गटातली, त्यांच्या हद्दीपासून २ किलोमीटर.

हे अंतर रस्त्याने मोजायचे नाही, सरळ रेषेत मोजायचे, कावळा उडतो तसे. पूर्वी ह्यावर बरेच वाद झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुन्या प्रकरणांत रस्त्याचे अंतर धरले, आणि आयकर खात्याने २०१५ च्या परिपत्रकाने ते मान्यही केले. पण ते जुन्या व्यवहारांपुरते. २०१३ च्या दुरुस्तीनंतर सरळ रेषाच. "रस्त्याने आमचं गाव हद्दीपासून बारा किलोमीटर आहे" असे सांगणारे सभासद मला आजही भेटतात. नदीला वळसा घालून येणारा रस्ता बारा किलोमीटरचा असेलही, पण रेघ नदीवरून सरळ जाते.

दुसरे म्हणजे ही हद्द जागेवर राहत नाही. १९९७ साली पुणे महापालिकेत गावे घेतली. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे घेतली, त्यात उरुळी देवाची, फुरसुंगी, उंड्री, धायरी, आंबेगाव ही होती. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली. मांजरी बुद्रुक, शेवाळवाडी, वाघोली, होळकरवाडी, नांदेड, खडकवासला, सूस, म्हाळुंगे त्यांतलीच. मांजरी आणि शेवाळवाडी आत आली, त्या दिवशी ८ किलोमीटरची रेघ कालव्याच्या कडेने पूर्वेला सरकली. लोणी काळभोरपासून थेऊर-कुंजीरवाडीच्या बाजूच्या शेतकऱ्यांच्या गावात काहीच बदलले नाही. ना पाटी, ना घरपट्टी, ना ग्रामसेवक. पण जमिनीचे कायद्यातले रूप बदलले असू शकते. तात्यांचे असेच झाले. त्यांच्या भावाने काही वर्षांपूर्वी शेजारचाच तुकडा विकला, त्याला कर लागला नाही. तात्यांच्या तुकड्याला लागला. दोघांच्या मध्ये बांध एकच.

महापालिकेतून गाव बाहेर पडले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. २०२४ साली फुरसुंगी व उरुळी देवाची महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. पण नगरपरिषद हीदेखील नगरपालिकाच, आणि पुण्याची हद्द तर शेजारीच आहे. म्हणून विक्रीच्या वेळी हद्द कुठे होती आणि आपला गट नंबर तिथून किती लांब, एवढाच प्रश्न. मोबाईलवरच्या नकाशात अंदाज येतो, पण रेघेच्या आसपास असाल तर सौद्याआधीच अधिकृत अंतराचा दाखला मिळवून ठेवा. आणि एक, खेड्यातली जमीन बिनशेती करून विकली तर ती शेतजमीन उरत नाही. मग अंतराचा फायदाही उरत नाही.

आता हिशेब. वडिलोपार्जित जमिनीची मूळ किंमत काय धरायची, असे सगळे विचारतात. १ एप्रिल २००१ पूर्वीची जमीन असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. मात्र तो त्या वेळच्या सरकारी मूल्यदरापेक्षा, म्हणजे आपण ज्याला रेडीरेकनर म्हणतो त्यापेक्षा, जास्त धरता येत नाही. जमीन २४ महिन्यांहून अधिक काळ असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. वारसाने आलेल्या जमिनीत वाडवडिलांचा काळही धरतात.

समजा एक एकर, २००१ ची किंमत ३ लाख, आणि २०२५-२६ साली विकली १ कोटीला. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे, पण महागाईचा निर्देशांक लावायचा नाही. नफा ९७ लाख, कर १२ लाख १२ हजार ५००. जमीन त्या तारखेपूर्वीची असेल तर व्यक्तीला आणि एकत्र कुटुंबाला जुन्या पद्धतीने काढून पाहण्याची मुभा आहे. निर्देशांक लावून २० टक्के. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे ३ लाखांचे झाले ११ लाख २८ हजार, नफा ८८ लाख ७२ हजार, कर १७ लाख ७४ हजार ४००. इथे नवी पद्धत स्वस्त.

पण हे नेहमीच नाही. एखाद्याने २०१२-१३ साली ३० लाखांना जमीन विकत घेतली आणि २०२५-२६ साली ६० लाखांना विकली. त्या वर्षाचा निर्देशांक २००. जुन्या पद्धतीने किंमत होते ५६ लाख ४० हजार, नफा ३ लाख ६० हजार, कर ७२ हजार. नव्या पद्धतीने नफा ३० लाख, कर ३ लाख ७५ हजार. म्हणून दोन्ही बाजूंनी मांडून पाहावे. अधिभार व उपकर ह्यावर वेगळे.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, ते सांगतो. शहरी शेतजमीन विकून त्या पैशातून दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढ्या नफ्यावर कर माफ होतो. सल्लागार लोक ह्याला ५४-बी म्हणतात. (१९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. जुना आकडा तोंडात बसलेला आहे, म्हणून लिहिला.) वरच्या उदाहरणात ९७ लाखांच्या नफ्यातून ६० लाखांची जमीन घेतली, तर कर फक्त उरलेल्या ३७ लाखांवर, म्हणजे ४ लाख ६२ हजार ५००. दौंड, इंदापूर, श्रीगोंद्याकडे जाऊन जमीन घेणारे आपले कितीतरी सभासद आहेत. त्यांना हे माहीत असायलाच हवे.

अटी मात्र बारकाईने पाहा. नवी जमीन विक्रीपासून २ वर्षांत घ्यायची आणि ३ वर्षे विकायची नाही. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत जमीन घेतली नसेल, तर रक्कम अधिकृत बँकेत 'भांडवली नफा खाते' उघडून त्यात ठेवायची. जिल्हा बँकेतली मुदत ठेव किंवा पतसंस्थेतली पावती ह्याला चालत नाही. व्याज जास्त मिळते म्हणून तिकडे ठेवले आणि सवलत गेली, असे होते.

आणखी एक अट अशी, की विकलेल्या जमिनीत विक्रीच्या लगत आधीची २ वर्षे स्वतः किंवा आई-वडिलांनी शेती केलेली असावी. एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर कुटुंबाने. इथे मी ऊस खात्याचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो. घेणारा म्हणतो, "मोकळी करून द्या, मोजणीला बरं पडेल." मग आपण खोडवा मोडतो, जमीन पड टाकतो, सौदा रेंगाळतो, दोन वर्षे नुसते गवत. सातबाऱ्यावर 'पड' लागते आणि सवलतीच्या मुळावर येते. खरेदीखताच्या दिवसापर्यंत पीक ठेवा. निडवा का होईना, पण ठेवा!

तसेच, ऊस कोणाच्या नावाने नोंदवता? कोणाला टनेज दाखवायचे असते, कोणाची वसुली चुकवायची असते, म्हणून पुतण्याच्या, मेहुण्याच्या नावावर नोंद देण्याची रीत आपल्याकडे आहे. मी डोळ्यांनी पाहतो आणि लिहूनही घेतो, ही माझीही चूक. उद्या आयकर खात्याने विचारले, की ह्या गटात शेती कोण करत होते, तर बिल पुतण्याच्या खात्यात गेलेले दिसते. तात्यांच्या बाबतीत शेवटच्या हंगामाची नोंद अशीच दुसऱ्याच्या नावे होती.

शिवाय तात्यांनी नवी तीन एकर जमीन दौंड तालुक्यात घेतली ती मुलाच्या नावे. बापाने विकली आणि मुलाच्या नावे घेतली, यात आपल्याला काही गैर वाटत नाही, शेवटी जायचे आहे त्यालाच. पण कर लागतो विकणाऱ्याला, तेव्हा नवी मालमत्ताही त्याच्याच नावे हवी. घराच्या सवलतीच्या एका प्रकरणात मुलाच्या नावे घर घेतले म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने सवलत नाकारली आहे. तात्यांचे प्रकरण सध्या अपिलात आहे. खरेदीखतावर एक नाव जास्त घातले असते तर बहुधा एवढी वेळ आली नसती.

ज्यांना पुन्हा जमीन घ्यायची नाही त्यांच्यासाठी घर बांधण्याची किंवा घेण्याची सवलत आहे. तिथे नुसता नफा नव्हे, विक्रीची सगळी रक्कम घालावी लागते, आणि आधीची घरे एकाहून जास्त नसावीत. ठरावीक सरकारी रोख्यांतही ५० लाखांपर्यंत गुंतवता येते, विक्रीपासून ६ महिन्यांत, ५ वर्षांसाठी. शेअर व म्युच्युअल फंडाचे नियम निराळे आहेत. बाजारात नोंदलेले शेअर वर्षानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. आपल्यातल्या तरुण मंडळींना ते माझ्यापेक्षा जास्त कळते.

किमतीबद्दल दोन शब्द. खरेदीखतात किंमत कमी दाखवून उपयोग होत नाही. सरकारी मूल्यदर दाखवलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तोच विक्रीची किंमत म्हणून धरतात, हातात पैसे आलेले असोत वा नसोत. २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख इसार घेतला तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि ३० लाखांवरचे खरेदीखत झाले, की त्याची माहिती निबंधक कार्यालयातून आयकर खात्याकडे आपोआप जाते. तात्यांचा व्यवहार कोणी चहाडी करून सांगितला नव्हता. ५० लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का कापून घेतला, तर समजावे की त्याच्या सल्लागाराने ही जमीन शहरी धरलेली आहे. तेव्हाच सावध व्हावे.

सरकारने सक्तीने जमीन घेतली तर गोष्ट वेगळी. शहरी शेतजमीन असली, आणि आधीची २ वर्षे शेती केलेली असली, तर १ एप्रिल २००४ पासून मिळालेल्या मोबदल्यावर हा कर नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्यावरही आयकर नाही, तसे २५ ऑक्टोबर २०१६ चे परिपत्रक आहे. रस्त्यांसाठी ज्यांच्या जमिनी जात आहेत त्यांनी निवाड्याची प्रत जपून ठेवावी आणि ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे. वाढीव मोबदल्यावरील व्याजाचा हिशेब मात्र स्वतंत्र असतो.

बिल्डरला जमीन देऊन इमारतीत हिस्सा घेण्याचे करार आता आपल्या भागातही होऊ लागले आहेत. नोंदणीकृत करार असेल तर व्यक्तीला कर लागतो तो बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी, कराराच्या वर्षी नव्हे. पण दाखल्याआधी आपला हिस्सा विकलात तर त्याच वर्षी.

ह्या संदर्भात हडपसरच्या मगरपट्ट्याची आठवण येते. तिथेही एके काळी आपल्यासारखाच ऊस होता. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, असे ठरवले. एकेकट्याने तुकडा विकून पैसे घेतले नाहीत. पुढे सिंहगड रस्त्यालगत नांदेड सिटीही त्याच धर्तीवर झाली. भाग घेऊन मालक व्हायचे, ही तर आपल्या कारखान्याचीच रीत. सगळ्यांना ते जमेल असे नाही, आणि त्यातही कराचे प्रश्न आहेतच. पण बांधावर एकटा दलाल उभा असताना घेतलेला निर्णय, आणि शेजाऱ्यांशी बसून घेतलेला निर्णय, ह्यात फरक पडतो.

राहता राहिले कागद. गट नंबरवार ऊस नोंदीचा उतारा, वजनपावत्या, आणि ऊस बिलाचे तक्ते हे शेती केल्याचे उत्तम पुरावे आहेत, आणि ते आपल्याच दप्तरात आहेत. जोडीला सातबारा व ई-पीक पाहणीची नोंद दर हंगामाला करा, तलाठ्यावर सोडू नका. ज्यांचा जमिनीचा सौदा चालू आहे त्यांनी इसार घेण्यापूर्वी गट कार्यालयात यावे. मागच्या हंगामांच्या नोंदींचा उतारा काढून देण्याचे मी शेतकी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवले आहे. येताना भाग दाखला आणि सातबारा आणावा. ह्या हंगामापासून लागणीची नोंद देताना जमीन ज्याच्या नावे आहे त्याचेच नाव मी लिहून घेणार आहे, कोणी राग मानू नये.

— ऊस विकास अधिकारी